एक खाकरणं आणि बत्तीस हजार शब्द

प्रवासाला निघण्यापूर्वी मराठी माणूस दोन प्रकारची तयारी करतो. एक खाण्याची आणि दुसरी परत आल्यावर सांगण्याची. पहिल्या तयारीत आपला हात धरणारा कोणी नाही. भडंग, चकल्या, लसणीची चटणी आणि 'असू द्या' म्हणून घेतलेले मेतकुटाचे पुडे यांच्या बळावर आपण पृथ्वीप्रदक्षिणा करू शकतो. दुसऱ्या तयारीला मात्र पुस्तक लागतं. विलायतेला जाणारा 'अपूर्वाई' वाचून जातो आणि पु. लं.ना दिसलेलं त्याला दिसलं नाही की विलायत बिघडली असा निर्णय देऊन परत येतो. पुस्तक असं आपल्या आधी विमानातून उतरतं आणि खिडकीजवळची जागा पकडून बसतं.

पण जगाच्या पार दक्षिण टोकाला जाणाऱ्यानं काय वाचावं? दक्षिण अमेरिकेचा नकाशा समोर धरला की खाली निमुळतं होत गेलेलं गाजर दिसतं. त्या गाजराचं शेपूट म्हणजे पॅटागोनिया. बराचसा भाग अर्जेंटिनाचा, पश्चिमेची डोंगरी किनार चिलीची, आणि अगदी तळाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीपलीकडे, टिएरा देल फुएगो नावाचा द्वीपसमूह. पूर्वी तिकडे वाट चुकलेली जहाजं जात. हल्ली आमच्या सोसायटीतली निवृत्त मंडळी जातात.

त्यांतलेच एक, बँकेतून सन्मानाने सुटलेले गृहस्थ, मध्यंतरी मला म्हणाले, "तुम्ही वाचणारे लोक. जाण्याआधी वाचायला एखादं चांगलं पुस्तक सुचवा बघू. फार जाड नको हं, किलोंचा हिशोब असतो."

"आणि रडकं नको," आतून वहिनींचा आवाज आला, "त्यात पेंग्विन असू देत, भावजी."

जाड नको, रडकं नको, पेंग्विन हवेत. ग्रंथसमीक्षेचे इतके स्वच्छ निकष मी विद्यापीठाच्या पुस्तकांतही पाहिलेले नाहीत. म्हटलं, याच काट्यावर सगळी पुस्तकं तोलून पाहू.

तिन्ही निकषांवर पहिल्या फटक्यात उतरतं ते जेराल्ड डरेलचं 'द व्हिस्परिंग लँड', १९६१ सालचं. हा प्राणिसंग्रहालयवाला माणूस. पेंग्विन आणि सील यांच्यावर तो असा लिहितो की आपल्याच आळीतली मंडळी पाहतोय असं वाटावं. पुस्तक हसरं आहे, हलकं आहे, रात्री झोपताना वाचावं असं आहे. अडचण एवढीच, की निम्म्या पुस्तकानंतर लेखकमहाशय पॅटागोनिया सोडून अर्जेंटिनाच्या उत्तर टोकाला निघून जातात. म्हणजे आपण कन्याकुमारीचं तिकीट काढावं आणि गाडीनं अमृतसरला सोडावं, तसलं. शिवाय माणसं त्यात येऊन-जाऊन आहेत. मुक्कामाला आहेत ते पेंग्विन.

मग वाटलं, मुळापासूनच सुरुवात करावी. पॅटागोनियाला वाचून जाण्याची प्रथा बहुधा मॅगेलनच्या जहाजांपासूनची आहे. हा पोर्तुगीज खलाशी त्याआधी आपल्याकडे येऊन गेलेला. १५०९ साली दीवच्या लढाईत तो होता. पुढे स्पेनची चाकरी धरून तो १५२० साली सान हुलियानच्या बंदरात हिवाळा काढत असताना किनाऱ्यावर उंचापुरी माणसं दिसली. त्यांचं नाव ठेवलं 'पातागोन'. मोठ्या पायांचे म्हणून हे नाव, असं पुष्कळ दिवस सांगत. आता बरेच अभ्यासक म्हणतात, की त्या काळात 'प्रिमालेओन' नावाची एक शूरवीरांची कादंबरी फार खपत होती. तिच्यात पातागोन नावाचा एक राक्षस आहे, हे नाव तिथलं. म्हणजे बघा, किनाऱ्यावर माणूस उभा, आणि जहाजावरच्या वाचकाला दिसला कादंबरीतला राक्षस! बरोबरच्या पिगाफेट्टा नावाच्या इटालियनानं लिहून ठेवलं, की आम्ही यांच्या कमरेला लागत होतो. मात्र या पिगाफेट्टाला एका गोष्टीचे गुण दिले पाहिजेत. त्यानं त्यांतल्या एकाला जवळ बसवून त्याच्या भाषेतल्या शब्दांची यादी करून घेतली. राक्षसाला 'नाकाला तुमच्यात काय म्हणतात' असं कोणी विचारत नाही. विचारलं, की तो राक्षस राहत नाही.

यानंतरचं नाव डार्विनचं. 'बीगल' जहाज १८३१ च्या डिसेंबरात निघालं आणि पुढल्या डिसेंबरात टिएरा देल फुएगोला लागलं. डार्विन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याचं प्रवासवृत्त १८३९ साली प्रसिद्ध झालं आणि आजही ते वाचताना दमछाक होत नाही. दगड, हाडं, किडे, गवत, सगळ्यांकडे हा पोरगा किती प्रेमाने पाहतो! आणि माणूस समोर आला, की एकदम नाक वर. इथल्या लोकांच्या बोलण्याला भाषा म्हणणं जड जातं, असा शेरा त्यानं मारला, आणि कॅप्टन कुकनं त्या बोलण्याला घसा खाकरणाऱ्या माणसाची उपमा दिली होती, हेही नोंदवून ठेवलं.

आता खाकरण्याचं म्हणाल, तर आमच्या वाड्यांतून खाकरणं ही परिपूर्ण भाषा होती. सासरे दारातून आत येताना एकदाच खाकरत. त्यात 'मी आलोय, सुनांनो पदर सावरा, पोरांनो पत्ते लपवा, चहाचं आधण ठेवा, आणि वाण्याच्या बिलाचं आत्ता काढू नका' एवढी पाच वाक्यं असत, आणि ज्याचं वाक्य त्याला बिनचूक पोचे. कॅप्टन कुक त्या वेळी ओसरीवर पाट घेऊन बसला असता, तर त्यानं मराठीलाही हाच शेरा मारला असता. डार्विनबद्दल एक मात्र सांगितलं पाहिजे. पुढे तिथल्या मिशनचं काम ऐकून त्यानं आपलं मत बदललं आणि मिशनला वर्गणीही पाठवली. मत बदलणारे पुष्कळ भेटतात. मत बदलल्यावर वर्गणी देणारा माणूस मला तरी थोर वाटतो.

डब्ल्यू. एच. हडसन हा अर्जेंटिनातच जन्मलेला. पक्षी पाहायला पॅटागोनियात गेला आणि सोबत्याच्या पिस्तुलाची गोळी स्वतःच्याच गुडघ्यात घालून बसला. पक्षी बचावले आणि वाङ्मयाला १८९३ साली 'आयडल डेज इन पॅटागोनिया' हे पुस्तक मिळालं. पडून राहणाऱ्या माणसाचं इतकं चांगलं चिंतन क्वचित वाचायला मिळतं. इतकी उजाड मैदानं माझ्या आठवणीत का ठाण मांडून बसली आहेत, असा प्रश्न डार्विनला पडला होता. हडसन त्याला आपल्या परीनं उत्तर देतो: तिथं मन विचार करायचं थांबतं आणि नुसतं जागं राहतं. उत्तर सुंदर आहे. पण 'इथं काहीच नाही' ही बातमी इथूनच पक्की होत जाते.

ती शिगेला पोचली १९७० नंतरच्या दशकात. पॉल थेरोचं 'द ओल्ड पॅटागोनियन एक्सप्रेस' १९७९ चं. मुखपृष्ठावर पॅटागोनिया ठसठशीत आहे. आत गाडी बॉस्टनकडून निघते आणि पॅटागोनिया येतो तेव्हा पुस्तकाची पानं संपत आलेली असतात. तिथं पोचून लेखकाला मुख्यतः दिसतं ते तिथं काही नसणं. चारशे पानं चालून दार उघडावं आणि आत रिकामी खोली! रिकामी खोली पाहायला ज्यांना इतक्या लांब जायचं नसेल त्यांनी आमच्या सोसायटीचं वाचनालय पाहावं.

ब्रूस चॅटविनचं 'इन पॅटागोनिया' १९७७ सालचं, आणि हे मात्र प्रकरण वेगळं आहे. त्याच्या आजीच्या काचेच्या कपाटात कातड्याचा एक केसाळ तुकडा होता. लहानपणी त्याला वाटे तो ब्रॉन्टोसॉरसचा. निघाला मायलोडॉन नावाच्या, कधीच नामशेष झालेल्या, महाकाय स्लॉथचा. त्या कातड्याच्या मागे हा गृहस्थ पृथ्वीच्या टोकापर्यंत गेला आणि ९७ चिमुकली प्रकरणं लिहून परतला. काय लिहिलंय! एकेक प्रकरण पेढ्यासारखं, एक खाल्लं की हात पुन्हा पुड्यात. पण पुढे त्या भागातल्या काही माणसांनी तक्रार केली, की आम्ही होतो एक आणि पुस्तकात दिसतो भलतेच. मला वाटतं, दोष लबाडीपेक्षा वेगाचा आहे. काही महिन्यांत एवढा मुलूख पायाखाली घालणाऱ्याला माणसं वल्लीच दिसणार. आपल्या घरी चहापुरता आलेला पाहुणाही आपल्याबद्दल बाहेर जे सांगतो ते चटकदार असतं, खरं असतंच असं नाही.

(मराठीतही मीना प्रभूंचं 'दक्षिणरंग' आहे. एकूण दक्षिण अमेरिकेसाठी ते जरूर वाचावं. पण मी बोलतोय त्या शेपटाच्या टोकाबद्दल.)

आणि आता ते पुस्तक, जे जाड आहे, अधूनमधून पोटात कालवतं, आणि ज्यात पेंग्विन कोणाच्या खिजगणतीत नाहीत. लूकस ब्रिजेसचं 'अटरमोस्ट पार्ट ऑफ द अर्थ', १९४८ सालचं. लूकस १८७४ साली उश्वायाला जन्मला, जिथून आज अंटार्क्टिकाची पर्यटक जहाजं सुटतात. त्याचे वडील थॉमस ब्रिजेस पोरवयातच मिशनबरोबर या बाजूला आलेले. डार्विनला ज्या लोकांची भाषा भाषा वाटली नाही, त्या यागान लोकांत ते राहिले, त्यांची भाषा शिकले, आणि उभ्या आयुष्यात तिचा कोश केला. शब्द किती? सुमारे ३२,०००!

आपल्याला हे कळायला हरकत नसावी. ज्या १८३१ साली 'बीगल' निघालं, त्याच साली मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला. परका माणूस आपल्या ओसरीवर बसून 'याला काय म्हणता, त्याला काय म्हणता' विचारत राहिला, म्हणून आपण त्याचा 'मोलेसर' करून टाकला. दुर्बीण घेऊन किनाऱ्यावरून गेला असता, तर त्याचं नाव आज कोणाला आठवलं असतं?

ब्रिजेसच्या कोशाची कहाणी तर बाडासकट पळवून नेण्याची आहे. फ्रेडरिक कुक नावाचा अमेरिकन डॉक्टर 'बेल्जिका' जहाजावरून आला, छापून देतो म्हणून हस्तलिखित घेऊन गेला, आणि ते स्वतःच्या नावावर छापायच्या बेतात होता. पुढे १९०८ साली उत्तर ध्रुवावर पोचलो असा दावा करणारा कुक तो हाच. एका कुकला ती भाषा वाटली नाही, दुसऱ्याला ती चोरण्याइतकी मोलाची वाटली! अखेर १९३३ साली कोश ब्रिजेसच्या नावानं छापला गेला, तेव्हा ब्रिजेसना जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. आणि त्या भाषेत बोलणारी माणसं? १८८४ साली अर्जेंटिनाचं सरकार उश्वायाला आलं, पाठोपाठ गोवर आला. आपल्याकडे गोवर म्हणजे चार दिवस पोरं शाळेला न जाणं. तिथं त्यानं वस्त्याच्या वस्त्या पुसल्या.

लूकसचं पुस्तक निर्दोष नाही. तो मिशनऱ्याचा मुलगा आणि पुढे मेंढ्यांचा मोठा जमीनदार. त्याच मेंढ्यांच्या कुंपणांनी शेजारच्या सेल्कनम लोकांची शिकारीची जमीन गिळली, आणि काही मळेवाल्यांनी माणसांचीच शिकार केली. हे तो सांगतो, पण सांगताना आवाज थोडा खाली आणतो. आपल्याकडची आत्मचरित्रं वाचलेल्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. तरीही या पुस्तकात माणसांना नावं आहेत, स्वभाव आहेत, भांडणं आहेत, थट्टा आहे. बाकीच्यांना जिथं 'काहीच नाही' दिसलं, तिथं याला पाचशेंच्या वर पानं पुरली नाहीत.

यागान भाषेतला एक शब्द गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात जाऊन बसला आहे: 'मामिह्लापिनातापाई'. अर्थ साधारण असा, की दोघांनाही एक गोष्ट व्हावीशी वाटते, पण सुरुवात दुसऱ्यानं करावी म्हणून दोघं एकमेकांकडे पाहत राहतात. मराठीत यासाठी शब्द नाही, पण बशीतल्या शेवटच्या भज्याभोवती आणि हॉटेलातल्या बिलाभोवती हा प्रसंग आपण रोज जगतो. ज्यांना 'खाकरणारे' म्हटलं, त्यांनी तो एका शब्दात पकडून ठेवला होता.

म्हणून दूरच्या देशाचं पुस्तक निवडताना मी हल्ली एकच कसोटी लावतो. पुस्तक मधेच उघडावं आणि पाहावं, की तिथली माणसं त्यांच्या बोलीत काही बोलतायत की नुसता वाराच वाहतोय. लेखकाला तिथले किती शब्द येतात, ते मोजावं. डरेल हसण्यासाठी, डार्विन डोळ्यांसाठी, चॅटविन लिहिणं म्हणजे काय ते कळावं म्हणून जरूर वाचा. पण त्या तिघांत जागा एकालाच असेल, तर तिघांनाही उतरवा आणि जाडा ब्रिजेस चढवा. वजन होईल. मेतकूट काढा थोडं.

यागान ही जन्मभाषा म्हणून बोलणारी शेवटची बाई, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ च्या फेब्रुवारीत वारली. ९३ वर्षांची होती. चिलीच्या नावारिनो बेटावर राहायची, गवताच्या टोपल्या विणायची, आणि नातीला हाताशी धरून तिनं आपल्या लोकांच्या गोष्टींचं पुस्तक केलं. तिची मुलंनातवंडं, तिचे लोक, आजही तिथं आहेत. ते संपले असं सांगणारी पुस्तकं मात्र जास्त खपतात. तिकडे कधी गेलात आणि वाऱ्यात एखादं म्हातारं माणूस नुसतं खाकरलं, तरी जरा थांबा. काहीतरी म्हणायचं असेल.