एगर्टनच्या यादीत शिकाऱ्याची सुरी कुठे आहे?

जुन्या शिकारी सुऱ्यांवर काम करायचं म्हटलं की बहुतेक जण तुमच्या हातात एकच पुस्तक देतात: विल्ब्रहॅम एगर्टन यांचं भारतीय शस्त्रांचं सचित्र हँडबुक, १८८० चं. संग्राहक आजही वस्तूची ओळख पटवायला तेच उघडतात. तुम्हीही वाचाच. पण वाचताना एक प्रश्न सोबत ठेवा: ही यादी बनली कशातून?

लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये जे पोचलं त्यातून. म्हणजे नजराणे, लढायांतली लूट, प्रदर्शनांसाठी मागवलेले नमुने. एगर्टनची खरी कमाई अशी, की त्याने शस्त्रं नुसत्या आकारावरून न लावता प्रदेश आणि लोकांनुसार लावली. ही शिस्त आजच्या कित्येक संग्राहकांकडे नाही. मात्र जी वस्तू दरबारात गेलीच नाही, ती यादीत यायची कशी?

'शिकारगाह' नक्षीचंच घ्या. पात्यावर वाघ, हरणं, हत्ती कोरलेले असतात आणि विकणारा तिला बिनधास्त 'शिकारी सुरी' म्हणतो. अहो, चित्र शिकारीचं आहे, म्हणून सुरी शिकारीची होते का? ज्या सुरीने खरंच कातडं सोललं, तिचं पातं घासून घासून अर्धं झालेलं असतं. तिला कोण काचेत ठेवणार?

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे धातूकडे येतो. संग्राहकांचा जीव पोलादाच्या जौहरात, त्या लाटांसारख्या रेषांत अडकलेला असतो. १९९८ मध्ये व्हर्होवेन, पेंड्रे आणि डाउक्श यांनी दाखवलं, की व्हॅनेडियमसारख्या अशुद्धींचा अगदी थोडा अंशही या रेषा घडवण्यात महत्त्वाचा असतो. पण रेषा उठून दिसाव्यात म्हणून पातं पॉलिश करून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं, की वरचा जुना थर गेला. त्यात अडकलेलं रक्त, चरबी, मातीचे कणही गेले. सुरी वापरली कशी याचा पुरावा तिथेच असतो ना!

याच्या उलट उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. नागपूरजवळच्या नैकुंडला १९७८ ते ८० च्या उत्खननात महापाषाणकालीन लोखंडाची भट्टी सापडली. तिथल्या गंजक्या तुकड्याला बाजारात कोणी विचारणार नाही. पण तो कुठल्या थरातला आणि भट्टीशी त्याचं नातं काय, हे नोंदलेलं आहे. माझ्या दृष्टीने तो तुकडा दहा नक्षीदार खंजिरांना भारी आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्या यवतमाळकडे पारधी आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का त्यांच्यासारख्या कित्येक जमातींवर बसला. राजाची सुरी संग्रहालयात 'कला' होते. पारध्याची सुरी पंचनाम्यात 'हत्यार' होते. तुमच्या संशोधनात 'शिकारी' हा शब्द कुणासाठी राखलाय, हे पहिल्याच प्रकरणात तपासा.

आमच्या घरी आजोबांची एक सुरी आहे. गावच्या लोहाराने गाडीच्या कमानीच्या पाट्यातून ठोकलेली, मूठ बाभळीची. रानडुकरापासून आंब्यापर्यंत तिने सगळं कापलंय. एगर्टनच्या कोणत्या गटात ती बसवायची, ते मला अजून सापडलेलं नाही.