आधी कोण पळतं? ‘ब्लॅक पावडर’ ही नियमावली आणि आपल्या हरलेल्या लढाया

खेळाच्या नियमांचं पुस्तक समीक्षेला घ्यावं, असं मराठीत सहसा कुणाच्या मनात येत नाही. लुडोच्या खोक्यामागचे नियम आपण भांडण झालं तरच वाचतो. पण टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळण्याच्या छंदात नियमावली हा खेळाचा मुख्य ऐवज असतो. तिथे ती जाडजूड, सचित्र, दोन-तीनशे पानांची असू शकते. लोक ती न खेळताही वाचतात, तिच्यावर वाद घालतात. माझ्या मते ते इतिहासाचंच पुस्तक असतं. ‘तेव्हा असं झालं’ असं न सांगता ‘असं होण्याची शक्यता इतकी होती’ असं सांगणारं. म्हणून त्याला इतिहासाच्या पुस्तकाला विचारतो तेच प्रश्न विचारायला हवेत.

ज्या नियमावलीबद्दल हे लिहितो आहे तिचं नाव ‘ब्लॅक पावडर’. रिक प्रीस्टली आणि जर्विस जॉन्सन हे तिचे लेखक. इंग्लंडच्या वॉरलॉर्ड गेम्सने ती काढली. विषय आहे घोडा आणि ठासणीची बंदूक यांचा काळ, म्हणजे ढोबळमानाने अठरावं आणि एकोणिसावं शतक. आपल्या हिशेबाने पानिपतापासून सत्तावनपर्यंतच्या सगळ्या लढाया तिच्या कक्षेत येतात.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणून प्रशियातल्या राइसवित्झ पितापुत्रांचं नाव घेतलं जातं. बापाने 1812 साली राजाला खेळ दाखवला, मुलाने 1824 साली तो 1:8000 प्रमाणाच्या नकाशावर आणून नियमांसह छापला. त्यात पंच होता, फासे होते, आणि सेनापतीला न दिसणारा शत्रू होता. पुढे एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ लिहिलं. त्यात खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी उडवून शिशाचे शिपाई पाडायचे होते. प्रशियाचा खेळ अधिकारी घडवण्यासाठी होता, वेल्सचा सुटीच्या दुपारसाठी. ‘ब्लॅक पावडर’ वेल्सच्या बाजूची आहे. तिचा सूर क्लबात गप्पा मारणाऱ्या काकांचा आहे. नियम पटला नाही तर बदला, असं ती स्वतःच सांगते. हा तिचा मोकळेपणा मला आवडतो, आणि पुढे मी त्याचा फायदाही घेतला आहे.

तिचा गाभा हुकमाच्या नियमात आहे. आपली पलटण हलवण्याआधी सेनापतीने हुकूम मोठ्याने बोलून दाखवायचा. “डावीकडची ब्रिगेड ओढ्यापर्यंत जाईल आणि तिथे फळी धरेल.” मग दोन फासे टाकायचे. सेनापतीला एक गुण दिलेला असतो, साधारण आठ. फाशांची बेरीज त्याहून जास्त आली तर पलटण जागची हलत नाही. बरोबरीने किंवा कमी आली तर हलते, आणि जितकी कमी येईल तितकी दूर जाते. एक, दोन किंवा तीन चाली. दोन्ही फाशांवर सहा पडले तर घोटाळा. मग पलटण काय करेल हे वेगळा तक्ता ठरवतो. ती भलत्याच दिशेने जाऊ शकते, माघारही घेऊ शकते.

बुद्धिबळाशी तुलना केली की यातलं धाडस कळतं. आपल्या चतुरंगात प्यादं कधी नाही म्हणत नाही. त्याला पुढचं घर दाखवलं की ते जातं, मरायचं असेल तर मरतं. ‘ब्लॅक पावडर’मध्ये हुकूम आणि कृती यांच्यात फट आहे, आणि लढाई त्या फटीत घडते. बारगीर, हरकारा, धूर, गोंगाट, ऐकू न आलेला कर्णा, हे सगळं त्या दोन फाशांत सामावलेलं आहे. लढाईचं इतकं खरं वर्णन इतक्या थोड्या शब्दांत मी फार ठिकाणी वाचलेलं नाही.

पण नियमावली आपल्या लढायांना लावली की तिचा दुसरा चेहरा दिसतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही सडक अर्जुनीला घरीच सीताबर्डीची लढाई मांडली. धातूचे सैनिक परदेशातून मागवणं परवडणारं नव्हतं. जुन्या लग्नपत्रिका कापून पलटणी केल्या, उशांवर चादर टाकून दोन टेकड्या केल्या. पुस्तकात पायदळाची चाल बारा इंच, बंदुकीचा पल्ला अठरा इंच आणि तोफेचा अठ्ठेचाळीस. एवढं टेबल नसल्याने इंचाऐवजी सेंटिमीटर धरले. पलटणीचं नुकसान मोजायला लाखोळीचे दाणे घेतले. सैन्यांचे गुण एका हौशी खेळाडूने केलेल्या यादीतून उचलले.

त्या यादीत कंपनीच्या पलटणी ‘भरवशाच्या’ होत्या, त्यांना हुकमाच्या फाशावर सवलत. भोसल्यांचं बहुतेक सैन्य ‘बेभरवशाचं’. म्हणजे जिथे इतर पलटण जेमतेम हलली असती तिथे ही हलणारच नाही. मनोधैर्य कमी, दमही कमी. माझ्या भाच्याने यादी वाचली आणि म्हणाला, “मामाजी, आपल्याले तं यायनं पहिलेच हारवून ठेवलं.”

त्याचं बोलणं तक्रार म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. गुण देणं म्हणजे निदान करणं. ही यादी म्हणते की मराठे हरले कारण त्यांचा शिपाई कच्चा होता. हे निदान बरोबर आहे का?

असई घ्या. 23 सप्टेंबर 1803, आजच्या जालना जिल्ह्यातलं गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. वेलस्लीने नदीचा उतार हेरला आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर उतरला. बगलेवर आलेल्या शत्रूसमोर अख्खी फळी वळवून उभी करणं ही कवायती सैन्याची सगळ्यात अवघड परीक्षा. पोलमनच्या हाताखालच्या शिंद्यांच्या पलटणींनी ती शांतपणे दिली, वेलस्लीच्या अपेक्षेपेक्षा लवकर. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि कंपनीची फळी पुढे गेल्यावर उठून त्यांनी तिच्या पाठीवर तोफा डागल्या. कंपनीची जवळपास सोळाशे माणसं मेली, जखमी झाली. मराठ्यांच्या 98 तोफा गेल्या.

आणि दोघे धनी? ते लढाईचा निकाल लागण्याआधीच मैदानातून निघून गेले होते. हजारोंचं घोडदळ जवळजवळ नुसतं उभं राहिलं.

त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला लासवारीला हेच पुन्हा दिसतं. युद्ध सुरू होताना कंपनीने शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना जाहीरनामा काढून आपल्याकडे बोलावलं होतं. पेराँ हा फ्रेंच सेनापतीही सप्टेंबरमध्ये नोकरी सोडून गेला. अधिकारी गेलेल्या या पलटणी लासवारीला अशा लढल्या की जिंकणाऱ्या लेकनेही त्यांचं कौतुक केलं.

आता नियमावलीकडे परत या. तिच्यात पलटणीला नुकसान होतं, दम संपतो, मग फासे टाकून ती टिकते, हटते किंवा मोडते. पुरेशा पलटणी मोडल्या की ब्रिगेड मोडते. निम्म्या ब्रिगेड मोडल्या की सैन्य हरलं. मोडणं खालून वर जातं. सेनापती शेवटपर्यंत टेबलापाशी उभा, हातात फासे घेऊन. तो कधीच पळत नाही, कारण तो खेळणारा स्वतः असतो. असईला मोडणं वरून खाली आलं. तिथे ‘बेभरवशाचा’ हा शेरा शिपायाच्या नावापुढे लिहिणं म्हणजे धन्याचं खातं नोकराच्या नावावर टाकणं.

सीताबर्डीला हे आणखी स्पष्ट होतं. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. रेसिडेंट जेंकिन्स, लेफ्टनंट कर्नल स्कॉट आणि कंपनीची चौदाशेच्या आसपास माणसं दोन टेकड्यांवर. समोर त्यांच्या कितीतरी पट भोसल्यांचं सैन्य, त्यात अरबांच्या तुकड्या. 27 च्या सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. तेव्हा कॅप्टन फिट्झजेराल्डने तीन तुकड्या घोडदळ घेऊन हल्ला केला. त्याला आधी परवानगी मिळत नव्हती, तो जवळजवळ हुकमाबाहेर गेला. मग टेकडीवर दारूचा स्फोट झाला, अरबांत गोंधळ उडाला आणि कंपनीच्या पायदळाने टेकडी परत घेतली.

म्हणजे कंपनीला वाचवणारी मोठी चाल ‘भरवशाच्या’ सैन्यातल्या बेभरवशाच्या अधिकाऱ्याची होती. नियमावलीत याला जागा आहे. शत्रू जवळ असेल तर पलटण हुकमाची वाट न पाहता स्वतःच्या बुद्धीने हलू शकते. हा नियम मला त्या पुस्तकातला सगळ्यात शहाणा नियम वाटतो. पण आप्पासाहेबांसाठी जागा नाही. हल्ला आपल्या हुकमाने झाला नाही, असं म्हणणारा राजा कोणत्या फाशाने दाखवायचा? 16 डिसेंबरला तो जेंकिन्सच्या स्वाधीन झाला. अरब मात्र त्यानंतरही नागपूर शहर धरून बसले, आणि डिसेंबरच्या अखेरीला अटी ठरवूनच बाहेर पडले.

पुस्तकाने दिलेली मुभा वापरून आम्ही दोन घरचे नियम केले. पहिला राजाचा. दर फेरीच्या सुरुवातीला राजासाठी एक फासा टाकायचा. एक पडला तर त्या फेरीत कुणालाच हुकूम नाही. दुसऱ्यांदा एक पडला तर राजा टेबलावरून उठला. त्यानंतर हुकूम बंद, पण सैन्य हरलं असं नाही. ज्या तुकड्या शत्रूजवळ आहेत त्या आपापल्या बुद्धीने लढतील. दुसरा नियम पगाराचा. अरबांना आणि कवायती पायदळाला कंपनीइतकंच मनोधैर्य द्यायचं, पण खेळाआधी फासा टाकून कोणाचा पगार थकला आहे ते ठरवायचं. थकलेली तुकडी जागा धरेल, पुढे जाणार नाही.

तीनदा खेळलो. एकदा राजा दुसऱ्याच फेरीत उठला आणि अरब शेवटपर्यंत लहान टेकडीवर राहिले. तीन डावांवरून काही सिद्ध होत नाही. पण लढाई वेगळी दिसू लागली. आधी प्रश्न होता की आपले शिपाई किती वेळ टिकतील. आता प्रश्न होता की त्यांना कुणी सांगेल का, काय करायचं ते.

आता आपल्याकडेही पाहायला हवं. मराठी मनाला पराभवाची दोनच कारणं पटकन सुचतात, फितुरी आणि दैव. पानिपताच्या बखरींपासून हे चालत आलं आहे. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौज उधळली. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत तीच गोळी जराशी हुकते आणि वेगळा इतिहास उभा राहतो. कथा म्हणून ती उत्तमच आहे. पण एका गोळीवर सगळं तोलण्याची आपली सवय अशी की त्या सकाळच्या आधीचे उपासमारीचे दिवस, बाजारबुणगे, इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पद्धतीवरून सरदारांत झालेले मतभेद, हे सगळं गोळीच्या आवाजात बुडून जातं.

इथे नियमावलीचा उपयोग आहे. ती ‘जर-तर’ला शिस्त लावते. ‘गोळी हुकली असती तर’ असं म्हणणाऱ्याला ती विचारते, हुकण्याची शक्यता किती धरतोस? आणि हुकल्यावर उपाशी पलटणीचा दम किती? उत्तर आकड्यात द्यावं लागतं, आणि आकडा लिहिताना माणूस प्रामाणिक होतो. निदान त्याचा पूर्वग्रह समोर तरी येतो. ‘बेभरवशाचे’ हा शेरा छापलेला होता म्हणूनच भाच्याला तो दिसला. तोच समज आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि पोवाड्यांत वेगळे कपडे घालून बसला असेल तर दिसत नाही.

‘ब्लॅक पावडर’चा दोष मला एवढाच दिसतो की तिची लढाई सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपते. युरोपातल्या सैन्यांसाठी ते खपून जातं, कारण त्यांचा पगार, त्यांचा राजा आणि त्यांचा सेनापती यांचं नातं नियम लिहिणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं. आपल्या लढायांचा निकाल त्या नात्यातच आहे. तो टेबलावर आणायचा असेल तर सैन्ययाद्या आपण लिहायला हव्यात, मराठीत, कागदपत्रं पाहून, आणि शिपाई व धनी यांची खाती वेगळी ठेवून.

सुरुवात कुठून करावी हे मला माहीत आहे. आप्पासाहेबांचं राज्य बुडाल्यावर, 1818 साली, आमच्या याच जिल्ह्यातल्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल त्यांच्या बाजूने उठला. कंपनीला नागपूरहून कॅप्टन गॉर्डनच्या हाताखाली फौज पाठवावी लागली. तोवर टेबलावरून राजा केव्हाच उठला होता. त्या माणसांना कोणते गुण द्यायचे, हे ठरवण्यासाठी आमची लग्नपत्रिकांची पलटण पुढच्या पावसाळ्यापर्यंत खोक्यात थांबली आहे.