शब्दाभाव आणि वस्तूंचे अर्थ

संवादविरहित चित्रपटाविषयी लिहिताना समीक्षा एका सोयीस्कर गृहीतकावर विसंबते. शब्द नाहीत म्हणून भाषा नाही, आणि भाषा नाही म्हणून कलाकृती सार्वत्रिक, असे ते गृहीतक. थॉमस साबो व एलेन जिरो यांचा ‘मिनिस्क्यूल : हरवलेल्या मुंग्यांचे खोरे’ (२०१४) हा फ्रेंच-बेल्जियन अ‍ॅनिमेशनपट या गृहीतकाची परीक्षा पाहतो. २००६पासूनच्या दूरचित्रवाणी-मालिकेतून तो घडला आणि २०१५मध्ये त्याला सेझार पुरस्कार मिळाला.

कीटक येथे बोलत नाहीत. परंतु चित्रपट मुका नाही. माश्यांच्या उड्डाणाला यंत्राची घरघर आहे, मुंग्यांचे संदेश शिट्यांसारखे आहेत. पाठलाग हा पाठलाग म्हणून कळतो, कारण इंजिनाचा आवाज बालप्रेक्षकाच्या परिचयाचा असतो. ही निसर्गाची नव्हे, संकेतांची भाषा होय. ‘मायक्रोकॉस्मॉस’ (१९९६) या माहितीपटाने कीटकांना त्यांच्या परकेपणासह दाखवले. ‘मिनिस्क्यूल’ला तो परकेपणा अभिप्रेतच नाही.

मग या शब्दाभावाने साधले काय? याचे उत्तर साखरेच्या डब्यात सापडते. सहलीला आलेले जोडपे घाईने निघून जाते आणि खाद्यपदार्थ मागे राहतात. घरच्यांपासून दुरावलेला, पंख दुखावलेला एक ढालकिडा, अर्थात लेडीबर्ड, त्या डब्याच्या आश्रयाला येतो. काळ्या मुंग्या तोच डबा वारुळाकडे ओढत नेतात. डबा कधी निवारा होतो, कधी ओझे, तर नदीच्या प्रवाहात नाव. कोणीही त्याला ‘डबा’ म्हणत नाही. म्हणूनच त्याचे मानवी प्रयोजन गळून पडते. श्क्लोव्हस्कीने १९१७मध्ये मांडलेली अपरिचितीकरणाची संकल्पना येथे वाक्याच्या रचनेतून नव्हे, नामाच्या अनुपस्थितीतून साकार होते. मेर्काँतूर व एक्रां या राष्ट्रीय उद्यानांत प्रत्यक्ष चित्रित केलेल्या भूदृश्यात संगणकनिर्मित कीटक वावरतात, त्यामुळे दगड, पाणी, गवत यांचे जडत्व कायम राहते आणि डब्याचे स्थलांतर खऱ्या श्रमाचे भासते. चित्रपटाचा हा भाग निःसंशय उत्तम आहे.

लाल मुंग्या वारुळाला वेढा घालतात तेव्हा मात्र कथन युद्धकथेच्या ठरीव साच्यात शिरते. काळे ते आपले, तांबडे ते शत्रू. रंगापलीकडे या वैराला फारसा आधार नाही. अधिक महत्त्वाचे असे की, येथे वस्तू आपले मानवी अर्थ परत धारण करतात. आगकाडी पेटवण्यासाठी, शोभेची दारू उडवण्यासाठी. लाल मुंग्यांच्या हाती तर कीटकनाशकाचा फवारा येतो. साखरेचा डबा मुंगीसाठी तयार झालेला नव्हता, म्हणून त्याला नवा अर्थ मिळू शकला. फवारा मात्र तिच्यासाठीच तयार झालेला आहे. मुंगी काळी की लाल, हा भेद त्याला नाही. नामाशिवायही ज्याचा अर्थ बदलत नाही, अशी ही कदाचित एकमेव वस्तू चित्रपटाने नुसते आयुध म्हणून खर्ची घातली आहे. परिणामी विषाचे कर्तेपण लाल मुंग्यांकडे जाते, आणि ते ज्याने तयार केले तो मनुष्य आरोपातून सुटतो. तोवर अर्थाला मोकळे करणारा शब्दाभाव या एका प्रसंगापुरता अर्थ झाकणारा ठरतो.