'संत तुकाराम' आणि घरचा पडदा

१९७५-७६ च्या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगात गुलबर्गा जिल्ह्यातील गावांना सार्वजनिक संच मिळाले. निवडीचा प्रश्नच नव्हता. आज कलबुर्गी-बीदरच्या घरांत लाखाच्या किमतीचे ओलेड संच येतात. परंतु त्यांवर दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (१९३६) लावावा, म्हणजे वैभवाची परीक्षा होते. या चित्रपटाचे सामर्थ्य विष्णुपंत पागनीसांच्या निगर्वी मुद्रेत आहे. जवळजवळ चारास तीन प्रमाणाचे ते चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणले, की तीच मुद्रा फुगते. शिवाय सेकंदाला २४ चौकटींच्या मूळ चित्रात यंत्र आपल्या कल्पित चौकटी घुसडते. साक्षीदाराच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घालणे आम्हां वकिलांस जसे वर्ज्य, तसेच हे!

संच घेताना झगमगाट पाहू नये, काळ्या रंगाची खोली पाहावी; ओलेडचा प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्याने पूर्ण विझू शकतो. पुढे 'सिनेमा' पद्धत निवडावी, 'मोशन स्मूदिंग' बंद करावे आणि कडेच्या काळ्या पट्ट्या आनंदाने सोसाव्यात. मुलांच्या खेळांसाठी 'गेम' पद्धत निराळी. तीत चित्रावरील संस्कार कमी, म्हणून बटणाला प्रतिसाद त्वरित.

गाभाऱ्यातील मूर्ती समईच्या उजेडातच पाहावी. तीवर झोत टाकल्याने दर्शन अधिक घडत नाही.