बिल्हणाचे केशर

सणासुदीला आपल्या घरोघरी केशराची इवलीशी डबी निघते. चार काड्या कोमट दुधात खलल्या, की श्रीखंडाला रंग चढतो आणि डबी पुन्हा कपाटात जाते. केशराचे फूल मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. नौबादच्या आमच्या वाचन-बैठकीतील एक दांपत्य मागे ऑक्टोबरअखेर काश्मिरात पांपूरला जाऊन आले. करेवा नावाच्या उंच, कोरड्या पठारांवर, पाने धड वाढलेली नसतानाच, मातीतून थेट वर आलेली जांभळी फुले आणि प्रत्येकात तीन लाल तंतू, असे वर्णन त्यांनी केले. किलोभर केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात, हे ऐकून बैठकीत क्षणभर शांतता पसरली.

हे फूल आपल्या भाषेत का नाही, याचा शोध शब्दांपासूनच घ्यावा लागतो. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर, आणि केसर म्हणजे फुलातील तंतू. मराठीत कुंकुमाचे कुंकू झाले व ते हळदीपासून बनू लागले. तंतूचे नाव उरले ते मसाल्याला. दोन्ही शब्द आपल्यापर्यंत पोहोचले, फूल तेवढे वाटेत गळाले. म्हणूनच आपल्या कवितेत संध्याकाळ केशरी होते, पण त्या केशराखाली माती कधी दिसत नाही.

माती पाहिलेला एक कवी मात्र आपल्याच मुलखात राहून गेला. अकराव्या शतकात बिल्हण काश्मीर सोडून निघाला. मथुरा, कनौज, काशी, गुजरात, थेट रामेश्वरापर्यंत भटकून तो चालुक्यनृपती सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) पदरी कल्याणास स्थिरावला. हे कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. येथे त्याला 'विद्यापती' ही पदवी मिळाली आणि येथल्या राजावर त्याने अठरा सर्गांचे 'विक्रमांकदेवचरित' रचले. पुढे हे काव्य विस्मृतीत गेले. त्याची पोथी १८७४ मध्ये जैसलमेरच्या जैन भांडारात ब्यूलर या पंडितास सापडली आणि १८७५ साली मुंबईत ती छापली गेली.

या काव्याच्या पहिल्याच सर्गात बिल्हणाचा तो प्रसिद्ध श्लोक आहे. काव्यविलास हे केशराचे सख्खे भाऊ होत, कारण शारदेचा देश सोडून अन्यत्र त्यांचा अंकुर आपण पाहिला नाही, असा त्याचा आशय. रसिकांनी हा श्लोक पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतला. आम्हांस तो चतुर वाटतो. खरा वाटत नाही. ज्या दरबारात अन्न खाल्ले, त्याच दरबारातील विद्वानांपुढे 'तुमच्या भूमीत काव्य उगवत नाही' असे म्हणणे हा उद्धटपणा आहे, हा भाग सोडून देऊ. परंतु ज्या काव्यात हे म्हटले, ते काव्यच मुळी कल्याणात उगवले! शिवाय या श्लोकात केशर दिसत नाही. मोठेपणाचे एक प्रमाणपत्र तेवढे दिसते.

याउलट अठराव्या सर्गात, राजाची स्तुती संपल्यावर, बिल्हण आपल्या खोनमुख गावाकडे वळतो. गावाच्या एका अंगाला केशर, दुसऱ्या अंगाला द्राक्षे. येथे उपमेचा पसारा आवरलेला आहे आणि जमीन डोळ्यांपुढे येते. पहिल्या सर्गातील श्लोक अभिमानाने लिहिला गेला, हा भाग आठवणीने. काव्य म्हणून आम्ही दुसऱ्यालाच अधिक मानतो. कल्हण 'राजतरंगिणी'त सांगतो, की काश्मिरात उदार हर्ष राजा झाल्याचे कळले तेव्हा बिल्हणाला कर्नाटकातील आपले सारे वैभव फसवे वाटू लागले. परमुलखात पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून असे काही ऐकलेले वाचक आमच्यात कमी नसतील.

वनस्पतिशास्त्राने तर आता बिल्हणाचा दृष्टान्त मुळातच उलटविला आहे. केशराच्या फुलाला बी धरत नाही; कंद खणून माणसाने दुसरीकडे लावला तरच ते पुढे जगते. ते रानात आपणहून उगवत नाही. त्याचा रानटी पूर्वज ग्रीसमधील अ‍ॅटिका प्रदेशाच्या टेकड्यांवर शरदाच्या पावसानंतर आजही फुलतो, आणि केशर त्याच्यापासूनच निपजले, हे २०१९ मध्ये जनुकीय अभ्यासांनी दाखविले. अर्थात काश्मिरातही केशर बाहेरूनच आलेले! त्याच कुळातील रानफूल होमरच्या 'इलियड'मध्ये, चौदाव्या सर्गात, इडा पर्वताच्या माथ्यावर झ्यूस आणि हेरा यांच्याखाली उगवते. होमर त्याचे नाव घेतो आणि पुढे जातो. ते अमुक देशाचेच, असे म्हणण्याची त्याला गरज भासत नाही.

बिल्हणाच्या आश्रयदात्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास त्याच कल्याणात 'मानसोल्लास' सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. शारदादेशाबाहेरचा हा अंकुर बिल्हणाच्या कानी कधी पडला होता की काय, कोण जाणे. कल्याणच्या एखाद्या वाड्यामागून मुसळाचा आवाज त्याने ऐकला असेलही, पण मान वळवून पाहिले नसेल.