रिसेप्शनचा डीजे : तीस गाण्यांचा हिशेब

लग्न ठरलं की हॉल, केटरर आणि फोटोग्राफर यांची चौकशी वर्षभर आधी सुरू होते. मेंदी कोण काढणार यावर सिडनी-पुणे फोन होतात. डीजे मात्र "अहो, त्यांच्या मुलाच्या लग्नात होता ना, तोच सांगा" एवढ्यावर ठरतो. आणि मग पाहुणे साडेनऊला कोट चढवून निघाले की शेवटपर्यंत थांबले, हे नेमकं त्याच माणसावर अवलंबून असतं. म्हणून मंडळी, या माणसाच्या कामाकडे जरा समीक्षकाच्या नजरेने बघू या.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. महाराष्ट्रात हल्ली 'डीजे' म्हणजे माणूस नव्हेच. मिरवणुकीपुढे चालणाऱ्या स्पीकरच्या भिंतींना डीजे म्हणतात. इथे ऑस्ट्रेलियात डीजे हा हाडामांसाचा माणूस असतो आणि बऱ्याचदा निवेदनही तोच करतो. म्हणजे आपण यंत्र भाड्याने आणत नाही, एका संध्याकाळपुरता यजमान नेमतो. तरी आपले प्रश्न काय असतात? स्पीकर किती, लाइट्स किती, धूर सोडणार का!

आता हिशेब करू. हॉल सहाला उघडतो आणि बाराला बंद होतो. नवरा-नवरीचं आगमन, भाषणं, मामा-मावश्यांचे बसवलेले नाच, केक, जेवण हे सगळं वजा केलं की नाचायला उरतात जेमतेम दोन तास. गाण्याला चार मिनिटं धरली तर तीस गाणी. अर्धी-अर्धी वाजवली तर साठ. आणि वधू-वर डीजेकडे यादी पाठवतात दीडशे गाण्यांची! आमच्या आयटीत याला स्कोप हाताबाहेर जाणं म्हणतात. हवीच अशी दहा आणि अजिबात नकोत अशी पाच गाणी द्यावीत; बाकीचं समोरची गर्दी बघून त्यानं ठरवावं. त्याचेच तर पैसे आपण देतो.

या तीस गाण्यांवर हक्क सांगणारे किती! व्हिजिटर व्हिसावर आलेले आजी-आजोबा, आपली पिढी, इथे वाढलेली मुलं आणि व्याही. ते पंजाबी असतील, तमिळ असतील किंवा ऑस्ट्रेलियनही. इथे मिळणारे डीजे साधारण तीन प्रकारचे. बॉलिवूडवाला उत्साही असतो, पण त्याची मराठी 'झिंगाट'पाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पश्चिम सिडनीतल्या एका रिसेप्शनला तर 'सैराट'चं (२०१६) मूळ गाणं सोडून 'धडक'चं (२०१८) हिंदी 'झिंगाट' वाजलं, तेही नवऱ्या मुलाचे आई-वडील दोघंही कोल्हापूरचे असताना. दुसरा ऑस्ट्रेलियन व्यावसायिक. वेळेचा पक्का, आवाजाचा जाणकार. पण गाणी आपण पुरवायची. तिसरा आपल्याच मंडळातला हौशी मित्र. गाणी सगळी पाठ, पण नाच रंगात आला की लॅपटॉप सोडून स्वतःच नाचायला जातो.

मग निवडायचा कसा? माझ्या मते खरी परीक्षा ठेक्याची. आपली कोळीगीतं आणि नाचाची कितीतरी गाणी सहाच्या ठेक्यातली असतात, तर भांगडा आणि पाश्चात्त्य डान्स म्युझिक चाराच्या. 'जत्रा'मधलं (२००६) 'कोंबडी पळाली' घ्या. अजय-अतुल यांनी त्याच चालीवर 'अग्निपथ'साठी (२०१२) 'चिकनी चमेली' केलं, त्यामुळे पंजाबी पाहुण्यांचे पायही त्यावर आपोआप उचलले जातात. पण त्याला लगेच भांगडा जोडायला गेलं की पाय अडखळतात आणि लोक पाणी प्यायला जातात. जाणकार डीजे तिथे क्षणभर थांबतो, माइकवर दोन शब्द बोलतो, टाळ्या वाजवून घेतो आणि मग ठेका बदलतो. तेव्हा भेटीत एकच प्रश्न विचारा : "कोंबडी पळालीनंतर भांगडा कसा लावाल?" उत्तर येईपर्यंत किती वेळ जातो, त्यावरून काय ते कळेल.

व्याह्यांसाठी 'नटबुश सिटी लिमिट्स' हवंच. आयक आणि टीना टर्नर यांचं हे १९७३चं गाणं अमेरिकेचं, पण रांगेत उभं राहून करायचा त्याचा नाच रुजला तो ऑस्ट्रेलियात. इथली मुलं तो शाळेत शिकतात, जशी आपण पीटीच्या तासाला लेझीम शिकलो. कोणी पटाईत असायची गरज नाही, रांगेत उभं राहिलं की झालं. आपल्या मुलांनाही तो येतो. आजी-आजोबांना हात धरून रांगेत तीच ओढतील.

आवाजाचं गणितही समजून घ्यावं. ऑस्ट्रेलियात कामाच्या ठिकाणी आठ तासांची मर्यादा ८५ डेसिबल आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. काही हॉलमध्ये आवाज मर्यादेबाहेर गेला की वीजच तोडणारं यंत्र असतं; ते आहे का, हे डीजेने हॉलवाल्यांना आधी विचारलेलं असावं. आणि श्रवणयंत्र लावणाऱ्या आजोबांचं टेबल स्पीकरपुढे मांडू नये, हे तरी आपल्या हातात आहेच.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. इथे वाढणाऱ्या मुलांच्या कानावर मराठी बहुतेक वेळा "जेवायला चल" आणि "होमवर्क झालं का" एवढीच पडते. घरची भाषा, थोडीशी दटावणीची भाषा. तीच भाषा भरल्या हॉलमध्ये, शाळेतल्या मित्रांसमोर मोठ्याने वाजते आणि मित्र विचारतात, "हे गाणं कुठलं?", तेव्हा मुलगा अभिमानाने उत्तर देतो. मराठी शाळेच्या रविवारच्या वर्गांना जे जड जातं, ते अशा पाच मिनिटांत होऊन जातं. म्हणून तीसपैकी निदान सहा गाणी मराठी असावीत आणि ती मंडळी जेवायला वळल्यावर नव्हे, तर नाच ऐन भरात असताना लागावीत. एवढी अट मान्य करून तुमच्या आडनावाचा उच्चार दोनदा विचारून घेणारा डीजे भेटला, तर लाइट्स थोडे कमी असले तरी चालतील.