हडपसरच्या लढाईंतील भाडोत्री पलटणी : कॉम्प्टनच्या ग्रंथाचें परीक्षण

हर्बर्ट कॉम्प्टन याचा हिंदुस्थानांतील युरोपियन लष्करी साहसी पुरुषांवरील इंग्रजी ग्रंथ १८९२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. आरंभीं दि बॉयन्, जॉर्ज टॉमस व पेरॉन यांचीं विस्तृत चरित्रें व अखेरीस इतर अधिकाऱ्यांची वर्णानुक्रमानें लावलेली माहिती, अशी त्याची रचना आहे. मराठ्यांच्या कवायती कंपूंविषयीं लिहिणाऱ्यास हा ग्रंथ उघडल्यावांचून चालत नाहीं, आणि माहितीचा संग्रह म्हणून त्याची योग्यता मोठीच आहे. आमचा आक्षेप माहितीवर नसून रचनेवर आहे. माणसांच्या नांवांनीं इतिहास लाविला म्हणजे लढाईचे तुकडे होतात, आणि ज्यांचीं नांवें कोशांत नाहींत ते रणांगणावरहि नव्हते असा वाचकाचा ग्रह होतो.

हडपसरची लढाईच घ्या. शके १७२४ आश्विन वद्य १४, ता. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळींत ती झाली. १८०१ च्या एप्रिलांत विठोजी होळकरास पुण्यांत हत्तीच्या पायीं दिल्यापासून ही यादवी पेटली होती. यशवंतराव होळकराकडे विकर्स, हार्डिंग व आर्मस्ट्राँग यांच्या पलटणी होत्या. पेशव्याच्या बाजूनें लढणारा शिंद्यांचा सरदार सदाशिवराव भास्कर बक्षी याच्याजवळ कॅप्टन डॉझच्या हाताखालील चार पलटणी होत्या. म्हणजे इंग्रज नांवाचे अधिकारी दोन्हीकडे उभे होते. डॉझ पडला, हार्डिंगहि पडला. कॉम्प्टनच्या ग्रंथांत एक 'डी' खालीं व दुसरा 'एच्' खालीं शोधावा लागतो. ज्या प्रसंगानें दोघेहि एका मैदानांत मेले तो प्रसंग मात्र वाचकानें स्वतः जुळवावयाचा!

आतां लढाईचें पारडें कोणीं फिरविलें? ग्रँट डफ हा स्वतः कंपनीच्या फौजेंतला. त्याच्या १८२६ च्या इतिहासांतहि, होळकराचे घोडेस्वार मागें रेटले गेल्यावर यशवंतराव जातीनें पुढें झाला व तोफखान्यावर चालून गेला, हीच गोष्ट निर्णायक दिसते. डॉझच्या पलटणी शर्थीनें लढल्या, पण त्यांच्या बाजूचें घोडदळ उधळल्यावर त्यांच्या कवाइतीचा उपयोग राहिला नाहीं. शिवाय या पलटणींस 'युरोपियन' म्हणावें तरी कसें? दि बॉयनच्या वेळेपासून शिपाई भरती होत ते अयोध्या, रोहिलखंड व अंतर्वेदींतून, आणि त्यांचा पगार निघे तो अंतर्वेदींतील जायदादींतून. परदेशी होते ते बोटांवर मोजण्याइतके अधिकारी.

सगळेंच सैन्य परदेशी असल्यास काय होतें याचा दाखला मध्य अमेरिकेंत मिळतो. निकाराग्वांत लेओन व ग्रानादा या शहरांच्या दोन पक्षांत यादवी चालू असतां, १८५५ सालीं लेओनच्या पक्षानें विल्यम वॉकर नांवाच्या अमेरिकनास मदतीस बोलाविलें. तो अवघीं ५८ माणसें घेऊन आला. जूनमध्यें रिवास येथें त्याचा मोड झाला. ऑक्टोबरांत त्यानें ग्रानादा घेतलें. आणि १८५६ च्या जुलैंत ज्यांनीं बोलाविलें त्यांस बाजूस सारून आपणच अध्यक्ष होऊन बसला. शेजारच्या राज्यांच्या फौजांनीं कोंडल्यावर १८५७ च्या मे महिन्यांत तो अमेरिकन आरमाराच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला, व १८६० सालीं होंडुरासांत गोळ्या घालून मारला गेला.

विकर्स किंवा डॉझ असा गादीवर बसला नाहीं, म्हणून आमचेकडे हा धोका नव्हता असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं हडपसरनंतरचे दोनच महिने नीट वाचावे. बाजीराव सिंहगडाकडे पळाला, तेथून कोंकणांत उतरला, आणि इंग्रजांच्या जहाजानें वसईस आला. ज्या खाडीच्या मुखाशीं वसईचा कोट आहे तिच्याच आंतल्या अंगास आमची भिवंडी आहे. इकडच्या माणसास तरी वसईचा तह दूरचा वाटूं नये. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं बाजीरावानें कंपनीची निदान ६,००० कायम पायदळाची तैनाती फौज पदरीं घेतली व तिच्या खर्चासाठीं २६ लक्षांचा मुलूख लावून दिला. भाडोत्री सैन्य म्हणतात तें हेंच. दि बॉयनला जायदाद मिळे ती शिंद्याच्या मर्जीनें व परत घेतां येई. वसईस दिलेला मुलूख परत घेण्याची सोय नव्हती.

कौटिल्यानें बळाचे मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र व आटविक असे सहा प्रकार सांगून पहिलें पहिलें पुढच्याहून चांगलें ठरविलें आहे. डॉझच्या पलटणी भृतबळांत मोडतात. वसईच्या तहानें आलेली फौज कागदावर मित्रबळ, पगारानें भृतबळ, आणि कामानें त्याहून खालची ठरली. कॉम्प्टनचा ग्रंथ १७८४ ते १८०३ एवढ्याच काळाचा आहे, म्हणून सर्वांत मोठी भाडोत्री फौज त्याच्या कोशांत कोणत्याच अक्षराखालीं येत नाहीं.

१८०३ सालीं कंपनीनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरींतील ब्रिटिश अधिकाऱ्यांस पेन्शनीच्या आश्वासनानें फोडलें. पुढल्या वर्षीं यशवंतरावानें विकर्स व त्याच्या दोन सोबत्यांचीं डोकीं उडविलीं. इंग्रजी ग्रंथांतून ही हकीकत केवळ क्रौर्याचा नमुना म्हणून येते. क्रौर्य खरेंच, पण आदल्या वर्षीच्या जाहीरनाम्याशेजारीं ठेविल्याविना ती समजत नाहीं.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, युद्धवर्णनाचीं पत्रें आपण जपतोंच. हजिऱ्या, रोजमुऱ्याचे हिशेब व महालांवरील वराता मात्र रुमालांत तळाशीं पडून वाळवीच्या तोंडीं जातात. होळकरी पलटणींस हडपसरनंतर रोजमुरा कोणीं, कोणत्या महालांतून व किती महिन्यांच्या थकबाकीनें पोंचविला, हें सांगणारा एखादा फाटका ताळेबंद ज्याच्या दप्तरीं असेल त्यानें तो आधीं नकलून घ्यावा.